स्टीलचे बारा पेले

“घड्याळ बी काढ,” गोजराआत्या म्हणाली.

चपला मी अंगणातच काढल्या होत्या. दारात ठेवलेल्या घागरीतलं कडुलिंबाचं पाणी पायांवर घेऊन झालं होतं. खांद्यावरची रेक्झिनची पिशवी ओट्यावर ठेवायला लावली होती. थर्मामीटर, गोळ्या, जलसंजीवनीची पाकिटं, सगळं तिच्यात. मनगटावरचं घड्याळ तेवढं राहिलं होतं.

“घड्याळानं काय होतंय, आत्या?”

“पट्टा कशाचा हाय त्याचा?”

पट्टा चामड्याचा होता. मी काढला. दाराशेजारच्या कोनाड्यात आधीच काहीतरी काळं पडलं होतं, ते बोटानं बाजूला सारलं आणि घड्याळ तिथं ठेवलं.

अशी मी, कुरणवाडी उपकेंद्राची नर्स, आजारी पोर बघायला आत गेले. अंगावर पांढरी साडी आणि हातात वही. वहीला पुठ्ठ्याचं कव्हर होतं म्हणून ती सुटली.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. मी तेव्हा पंचवीसची, नोकरीचं दुसरं वर्ष. कुरणवाडीत नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी यायचं, म्हणून प्रत्येक दारात पिंपांची रांग, आणि प्रत्येक पिंपात डासांच्या अळ्या. पिंपं रिकामी करा, घासा, कोरडी करा, असं मी घरोघर सांगत फिरायची. बायका ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, “रिकामी केली तर भरून कोन देनार, तुमी?”

आमच्या त्या भागात पोराला ताप येऊन अंगावर लाल पुरळ उठलं की म्हणतात, बाया आल्या. सात बहिणी, घरी आलेल्या पाहुण्या. पाहुणीला हाकलायचं नसतं, म्हणून औषध नाही, सुई नाही. तिला ठसका लागू नये म्हणून फोडणी नाही. घरात भांडण नाही, चामडं नाही, आणि पोराला उंबऱ्याबाहेर न्यायचं तर मुळीच नाही. दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, बाया निवल्या की आपल्या पायांनी जातात. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा त्या जायच्याच. गोवर असो, कांजिण्या असोत, दहा दिवसांत पोर खेळायला बाहेर. त्यामुळे बायांची अब्रू शाबूत होती. माझी नव्हती.

बाया आहेत की नाहीत हे ठरवायची गोजराआत्या. सत्तरीची, काटकुळी, आवाज ताशासारखा. लेकरांच्या अंगावरचं मला जे काही कळतं त्यातलं निम्मं मी तिच्याकडून उचललं, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक तक्ता दिला होता, सहा पुरळांचे सहा फोटो. मी तो उपकेंद्राच्या उन्हाकडच्या भिंतीवर लावला आणि एका उन्हाळ्यात सहाही पोरं सारखीच गुलाबी झाली. त्यानंतर माझी भिस्त आत्यावर. घामोळं कापड घासतं तिथं येतं, मानेला, कमरेला. पोराला उघडं ठेव, गार पाण्यानं पूस, पावडरी फासू नको. खरूज बोटांच्या बेचक्यात बघ, आणि एकाला असली तर सगळ्या घराला औषध लाव, नाहीतर फिरून येते. गजकर्ण गोल, कड उठलेलं. पित्त सकाळी पोटावर तर दुपारी पाठीवर, जागा बदलतं. कांजिणीत पाणी असतं. आणि गोवर कानामागून निघतो, त्याच्या आधी डोळे लाल आणि नाक गळतं. हे सगळं ती तंबाखू मळता मळता सांगायची आणि वर म्हणायची, “एवढं बी शिकवलं न्हाई व्हय तुला सरकारनं?”

आता माझ्या अब्रूचं.

आदल्या माघात शाळेतून निरोप आला, पोरं लाल झालीत. जाऊन बघते तर अडतीस पोरं सुजलेली, हातावर, मानेवर, गालांवर लाल चट्टे, आणि सगळी रडतायत. मी धावत जाऊन तालुक्याला फोन केला, गोवराची साथ. अकरा वाजेपर्यंत दोन जीपा आल्या. लसीचा डबा आला, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या बाटल्या आल्या, आणि दौऱ्यावर होते म्हणून जिल्ह्याचे साहेबही आले. साहेब व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मला म्हणाले, शाबास, वेळेवर कळवलंत. पाच मिनिटांनी साहेबांनी मान खाजवली. दहा मिनिटांनी ते ध्वजस्तंभाच्या मागं गेले आणि तिथं काय काय खाजवत होते ते आम्ही बघायचं टाळलं. तेवढ्यात गोजराआत्या आली, बाकावरून बोट फिरवलं, उजेडात धरलं आणि म्हणाली, “खाजकुयली हाय.” सातवीच्या पोरांनी ओढ्यावरून शेंगा आणून बाकांवर झाडल्या होत्या. मग आत्यानं सगळ्यांना रांगेत उभं केलं, आधी राख चोळली, मग शेण लावलं. अडतीस पोरं आणि एकोणचाळिसावे साहेब. जीपा परत गेल्या तेव्हा एका जीपच्या सगळ्या काचा उघड्या होत्या.

तेव्हापासून मी गावात खाजवाली शिस्टर.

म्हणून त्या शुक्रवारी खंडूतात्यांच्या घरावर कडुलिंब लागलाय असं कळलं तेव्हा माझा बेत एवढाच होता. आत जायचं, वहीत ‘संशयित गोवर’ लिहायचं आणि परत यायचं. तात्यांची सून मंदा त्या दिवशी धाकट्याला लसीला आणणार होती, ती आली नव्हती, म्हणून चौकशी केली. आजारी होती थोरली, रुतू. पाच वर्षांची. माझ्या उपकेंद्राच्या दारात येऊन “शिस्टर, सुई हाय का?” असं विचारून पळणारी.

रुतू आतल्या खोलीत गोधडीवर होती. उशाशी लिंबाचे डहाळे. मंदा मला बघून हसली. चार दिवसांनी हसत असावी, चेहऱ्याला ते जमत नव्हतं.

“उतरला बगा ताप. चार दिस अंगाची भट्टी हुती. पहाटंपासनं गार.”

“निवल्या बाया,” आत्या म्हणाली. “आता दहीभात दाखवायचा.”

तात्या नारळ सोलत बसले होते. घरात नैवेद्याची गडबड होती, आणि मलाही बरंच वाटलं. मी रुतूच्या कपाळाला हात लावला. गार होतं, पण ओलसर. मग तिचा हात हातात घेतला. तो गार नव्हता, थंड होता. पायही थंड.

“रुतू, सुई हाय का विचार की मला.”

तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटले.

“लघवी कधी केली हिनं?”

मंदानं आठवून बघितलं. “काल दिवे लागायच्या टायमाला.”

“उलटी?”

“दोनदा झाली सकाळपासनं. पोट दुखतंय म्हनती.”

ट्रेनिंगला आम्हाला एक म्हातारे डॉक्टर होते. बाकीचं सगळं त्यांनी कागद बघून वाचून दाखवलं, डेंगीला मात्र कागद खाली ठेवला. म्हणाले, बायांनो, ताप उतरला की घरचे लोक पेढे आणतात. डेंगीत तेव्हाच तुम्ही घड्याळ बघायचं.

माझं घड्याळ कोनाड्यात होतं. मी मनगटावर बोटं ठेवून नाडी शोधली. दोरा ओढल्यासारखी लागली, मग हरवली, मग परत लागली.

पुरळ नडगीवर होतं. सुई टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके, पावलापासून गुडघ्यापर्यंत. मी कानामागं बघितलं. काही नव्हतं. डोळे लाल नव्हते. नाक कोरडं.

“आत्या, गोवर कानामागून निघतो ना? हिच्या कानामागं काहीच नाही.”

“जायाला निगाल्यात त्या,” आत्या म्हणाली. “मागारी जाताना पायाकडनंच जात्यात.” तिनं रुतूच्या नडगीवरून अंगठा फिरवला. फिरवताना ती भिंतीकडे बघत होती. तिच्या नाकाच्या दांडीवर दोन्ही बाजूंनी लालसर खड्डे पडले होते. मला ते दिसले, आणि मी वेड्यासारखी मनात म्हणाले, हिलाही काहीतरी उठलंय.

मी उठून बाहेरच्या सोप्यात आले आणि तात्यांना सांगितलं, हिला आत्ताच्या आत्ता तालुक्याला न्यायला पाहिजे. तात्यांनी नारळाच्या शेंड्या नीट गोळा केल्या, मग माझ्याकडे बघितलं.

“बाया घरात असताना पोर भायेर काडू?”

“या बाया नसतील, तात्या. डेंगी असेल. आतून रक्त फुटतं त्यात.”

“असंल,” तात्या म्हणाले. “माघात गोवर हुता. आता डेंगी. किती जीपा बोलवू? न्हाई म्हंजे तेवडं शेन काडून ठिवतो.”

मंदाला हसू आलं नाही. ती एकदा माझ्याकडे, एकदा आत्याकडे बघत होती. नवरा मुंबईला, पंधरा दिवसांनी येणारा. घरात शब्द तात्यांचा, आणि पोराच्या अंगावरच्या ठिपक्यांबाबत तात्यांच्याही वर आत्याचा. थंड हात, मिटलेले डोळे, लघवी नाही. एवढ्यावरच पोर उचलून न्यायला हवी होती, हे आज मी शिकवते. पण तेव्हा कुणाच्या जोरावर उचलणार? मला दाखवता येईल असं काहीतरी पाहिजे होतं.

तेव्हा त्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं दुसरं वाक्य आठवलं. ठिपक्यावर काच दाबा. साधं पुरळ काचेखाली फिकं पडतं, जातं. रक्त सांडलेलं असेल तर ठिपका तसाच दिसतो. मग थांबायचं नाही.

“मंदा, काचेचा ग्लास आण.”

मंदा धावत जाऊन ग्लास घेऊन आली. स्टीलचा होता.

“काचेचा गं. आरपार दिसणारा.”

नव्हता. त्या घरात तांब्या, पेले, वाट्या, सगळं स्टीलचं, प्रत्येकावर नाव घातलेलं. चहासुद्धा स्टीलच्या पेल्यात. औषधाची बाटली प्लास्टिकची, खालून दुधाळ. कंदिलाची काच वीज आल्यावर फुटली ती फुटलीच. मंदाच्या हातात बांगड्या होत्या, पण हिरव्या, आणि रुंदीला गवताच्या काडीएवढ्या. तरी तिनं एक काढून नडगीवर धरली. त्यातून सगळेच ठिपके हिरवे दिसले. तात्या एवढ्यात आत जाऊन आरसा घेऊन आले.

“ही काच न्हाई व्हय?”

मी आरसा त्यांच्याकडेच फिरवला. तात्यांनी आरशात स्वतःकडे बघितलं आणि तो परत नेऊन ठेवला. देवघरात एक तसबीर होती, तिला काच होती, पण बाया असताना देवघरातलं हलवायचं नाही असं आत्या म्हणाली. चहाच्या हॉटेलात काचेचे ग्लास होते, पण हॉटेल फाट्यावर, म्हणजे जायला-यायला अर्धा तास. मी दाराबाहेर बघितलं. मी आत आले तेव्हा ओट्याची सावली तुळशीपर्यंत होती. आता ती तुळस ओलांडून गेली होती.

आत रुतूला परत उलटी झाली. पिवळं पाणी, त्यात तपकिरी धागे. मंदानं ते पदरानं पुसलं आणि पदराकडे बघत राहिली.

मी घड्याळ आणायला बाहेर आले. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. कोनाड्यात हात घातला तर आधी ती काळी वस्तू हाताला लागली. बाहेर काढली. डबी होती. झाकणावर पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीवर माझ्याच अक्षरात एकवीस नंबर. पावसाळ्याच्या तोंडाला मी उपकेंद्रात डोळ्यांचं शिबिर घेतलं होतं, तेव्हा चव्वेचाळीस म्हाताऱ्यांना चष्मे वाटले होते. काळ्या, चकचकीत, चामड्यासारख्या दिसणाऱ्या डब्यांतून. एकवीस नंबर गोजराबाई.

मी डबी उघडली. चष्मा आत होता. नाकाच्या दांडीवरचे ते दोन लाल खड्डे कशाचे, ते मला तिथं उन्हात उभ्या उभ्या कळलं.

“आत्या,” मी दारातनंच विचारलं, “हिला पहिल्यांदा बघायला आलात तेव्हा चष्मा होता डोळ्यांवर?”

“न्हाई.”

“का?”

“चामडं आत न्यायचं नसतंय. ठावं न्हाई व्हय तुला?”

“डबी चामड्याची असेल. चष्मा कुठं चामड्याचा आहे?”

आत्यानं डबीकडे बघितलं. मग म्हणाली, “डबीतनं काडून आत न्यावा, हे डोस्क्यातच आलं न्हाई.”

“म्हणजे तुम्ही ठिपके बघितलेच नाहीत.”

“बोटाला लागतंय की सगळं. पन्नास वर्सं बगतीया मी.”

ते बोलताना तिचा ताशा वाजला नाही. तात्यांनीही नारळ खाली ठेवला होता.

मी डबी कोनाड्यात ठेवली, नुसता चष्मा घेऊन आत गेले आणि त्याची एक काच रुतूच्या नडगीवर दाबली. वाकून बघितलं.

“जात नाहीत,” मी म्हणाले. “काचेखालीही तसेच दिसतायत. आता उठा.”

“तुमचं तुमीच म्हंताय,” तात्या म्हणाले. आवाज मात्र मघाचा नव्हता. “आत्या, तू बग.”

“चष्मा तिच्या हातात हाय, मी काय बगू?” आत्या म्हणाली. मग तिनं माझं मनगट धरलं, काच नडगीवर दाबून ठेवली आणि स्वतः खाली वाकली. आणखी वाकली. शेवटी तिचं कपाळ रुतूच्या गुडघ्याला टेकलं आणि डोळा काचेपासून बोटभर अंतरावर आला.



मग तिनं डोकं वर केलं, रुतूच्या दंडावर डास चावलेला एक लाल फोड होता तो शोधला, त्यावर काच ठेवली. दाबली. सोडली. परत दाबली. परत नडगीवर आली. दाबली. सोडली. मंदाचा हात तोंडावर होता. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

“हा जातो,” आत्या फोडाला म्हणाली. “ह्ये जात न्हाईत.”

ती उठली. गुडघे धरून, भिंत धरून. दारात गेली, चौकटीवरचा कडुलिंबाचा डहाळा उपसून काढला आणि अंगणात टाकला.

“ह्या बाया न्हाईत, खंडू.”

“आत्या, परवा तूच म्हनालीस...”

“परवा चष्मा भायेर हुता,” आत्या म्हणाली. “पोर उचल.”

पुढचं सगळं पळापळीचं. सदाची वडापची जीप फाट्याला माणसं भरायची वाट बघत उभी होती. तात्या अनवाणी पळत गेले आणि आत बसलेल्या नऊ माणसांना उतरायला सांगून जीप घरापाशी आणली. त्यातल्या दोघांनी उतरायला नकार दिला, ते तालुक्यापर्यंत मागच्या फळीवर उभे राहून आले आणि वाटेत मला विचारत होते, खाजकुयली तर नाही ना. मी पिशवीतलं जलसंजीवनीचं पाकीट पाण्यात कालवलं आणि चमच्यानं रुतूच्या ओठांत सोडत राहिले. चार चमचे आत जायचे, एक बाहेर यायचा. घड्याळ आता मनगटावर होतं. दोन वाजून चाळीस मिनिटं. आत्या शेजारी बसली होती, चष्मा घालून, आणि रुतूची पावलं तिनं आपल्या लुगड्यात गुंडाळून धरली होती.

वाटेत तिनं एकदाच विचारलं, “बाया असत्या आन् आपन भायेर काडली असती, तर?”

“तर मला शेण लावा,” मी म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात बघितले, पोट दाबलं आणि कुणाला काही न विचारता सलाईन लावायला घेतलं. शीर सापडेना. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा सापडली तेव्हा रुतू रडली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, दोन तास उशीर केला असता तर. मग ते सलाईनचे थेंब बघायला परत आत गेले.

दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. ते दोन दिवस मी आणि आत्या बाहेरच्या बाकावर होतो. बसायच्या आधी आत्या बाकावरून बोट फिरवायची, उजेडात धरून बघायची आणि मग मला बस म्हणायची. तिसऱ्या दिवशी सकाळी आतून आवाज आला, “मला सुई नगं.” आत्या उठली, तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि घरी निघून गेली.

रुतू नवव्या दिवशी घरी आली. तात्यांनी पिंपं रिकामी केली. नुसती स्वतःची नाही, गल्लीतली सगळी. आणि ज्यांनी विचारलं भरून कोण देणार, त्यांना भरूनही दिली.

गावात मग एकच बोलणं, शिस्टरनं पोर वाचवली. खाजवाली शिस्टर हे नाव पुसलं गेलं. दिवाळीनंतर तालुक्याला माझा सत्कार ठेवला. नारळ, शाल, प्रशस्तिपत्र. देणारे तेच साहेब, ध्वजस्तंभामागचे. त्यांनी मला ओळखलं आणि हात जरा लांबूनच मिळवला. मग माईकवर विचारलं, सिस्टर, तुम्ही नेमकं काय केलंत ते सर्वांना सांगा. मी काचेचं सांगितलं. ठिपक्यावर काच दाबायची, जात नसेल तर निघायचं. टाळ्या झाल्या. गोजराआत्याचं नाव मी घेतलं नाही. घ्यायचं ठरवून गेले होते. माईक हातात आला आणि राहिलं.

साहेबांनी तिथंच जाहीर केलं, जिल्ह्यातल्या प्रत्येक उपकेंद्राला या चाचणीसाठी ग्लास पुरवण्यात येतील.

सहा महिन्यांनी खोकं आलं. त्या दिवशी आत्या उपकेंद्रात बसली होती, चष्मा घालून. त्या दिवसानंतर ती बाया बघायला चष्मा घालूनच जायची, आणि ठिपक्यांवर आधी स्वतःची काच दाबायची. दोनदा तिनं दुसऱ्या घरांवरचा डहाळाही उतरवला होता. मी सुतळी तोडली, भुसा बाजूला केला. आत बारा पेले होते. स्टीलचे. प्रत्येकावर सुबक अक्षरांत कोरलं होतं, ‘पुरळ चाचणीसाठी’.

मी एक पेला उचलला, त्याच्या बुडातून आत्याकडे बघितलं आणि हसू आवरेना. आत्याही हसली, दात नसलेलं. हसता हसता माझं रडं सुटलं आणि मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते बाहेर पडलं.

“आत्या, त्या दिवशी मला काहीच दिसलं नव्हतं. हात कापत होता, काच हलत होती. एकदा वाटायचं ठिपके गेले, एकदा वाटायचं आहेत. मी आपलं दडपून बोलले, जात नाहीत. तुम्ही बघितलं नसतं तर मी गेलेही असते परत. वहीत गोवर लिहून.”

“ठावं हाय.”

“ठाऊक होतं?”

“मनगट माज्या हातात हुतं न्हवं तुजं. केवडं हलत हुतं ते.”

“मग बोलला का नाही कुणाला?”

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. नाकावरच्या खड्ड्यांत तो बरोबर बसला.

“तू कुटं गावात बोललीस,” ती म्हणाली, “की म्हातारीनं पोर बगितलीच न्हवती म्हनून?”

मी डोळे पुसले. स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं. आत्या खोक्यातले पेले एकेक काढून टेबलावर मांडत होती आणि प्रत्येकात डोकावून बघत होती.

“साकर जरा हात सोडून टाक,” ती म्हणाली. “आन् मला कापडाची एक डबी शिवून दे. त्या काळ्या डबीचा मला अजून बी भरवसा वाटत न्हाई.”

सरकारी पेल्यांतला पहिला चहा आम्ही दोघींनी घेतला.